एका स्वरकुलाचा वारसा: सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाई



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड सर्वस्वी माझ्यावर सोपविली, तेव्हा एखाद्या दिग्विजयी गवयाचे चरित्र निवडण्याचा मोह मला झाला नाही असे नाही. परंतु ज्या रसिकाग्रणींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही माला चालते त्यांची वृत्ती पाहता, एकट्या व्यक्तीच्या कर्तृत्वापेक्षा एका कुटुंबाच्या कर्तृत्वाचे स्मरण आज अधिक उचित होईल असे मला वाटले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही एकाच मातेच्या पोटी जन्मलेली, एकाच छपराखाली वाढलेली आणि एकाच तंबोऱ्याच्या नादात स्वर ओळखावयास शिकलेली भावंडे. त्यांची नावे आपण नित्य घेतो, परंतु बहुधा वेगवेगळी घेतो. ती एकत्र घेतली म्हणजे आपल्या संगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट उलगडते, आणि तीच आज मला मांडावयाची आहे. किराणा घराण्याची गायकी दरबारातून आणि मोजक्या जाणकारांच्या बैठकींतून निघून महाराष्ट्राच्या सामान्य घरापर्यंत पोचली, त्या प्रवासात फार मोठा वाटा अशा एका कुटुंबाचा आहे की, ज्याच्यापाशी त्या घराण्याच्या वारशाची कोणतीही सनद नव्हती.

किराणा घराण्याला ज्याच्यावरून नाव मिळाले ते कैराना हे गाव यमुनेच्या काठच्या मुलखात, मराठी मनाला ज्याचे नाव कधीच विसरता येणार नाही त्या पानिपतापासून फार दूर नाही. तेथील एका गवयी कुळात १८७२ साली अब्दुल करीमखाँ जन्मले. तारुण्यात बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास आले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारी गवई म्हणून राहिले. राजघराण्याशी नात्याने जोडलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई या तेथेच त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या, आणि गुरु-शिष्येच्या त्या नात्याचे पर्यवसान दोघांनी बडोदे सोडून जाण्यात झाले. सरदारकन्येने एका मुसलमान गवयाबरोबर संसार थाटावा, ही घटना त्या काळी किती क्षोभकारक ठरली असेल याची कल्पना आजच्या श्रोत्यांस सहज येणार नाही. ताराबाईंना माहेरचे दार बंद झाले, समाजाचे दार उघडे नव्हते, आणि पतीची सारी मिळकत त्याच्या गळ्यात होती. अशा स्थितीत त्यांनी मुंबई आणि मिरज येथे संसार मांडला, आणि त्या संसारात सुरेशबाबू, हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई ही पाच अपत्ये वाढली.

मिरज हे त्या काळी संगीताचे एक मोठे पीठ होते. तेथील सतारमेकरांनी घडविलेले तंबोरे हिंदुस्थानभर जात असत, ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गवयांची हजेरी लागत असे, आणि उत्तरेची व कर्नाटकाची संगीतपद्धती जेथे एकमेकींस भेटतात अशा सीमेवर ते शहर वसलेले होते. अब्दुल करीमखाँच्या प्रतिभेला हा परिसर मानवला. तंबोरा जुळविण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांचा हात निष्णात कारागिराचा होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुलकी नोकरीतील इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या मापनाचे जे प्रयत्न केले, त्यांत खाँसाहेबांच्या सूक्ष्म कानाचा आणि गळ्याचा आधार घेतला गेला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. शिष्य घरीच राहत, घरीच जेवत, पहाटे खर्ज भरीत आणि संस्थेच्या खर्चासाठी गुरूबरोबर गावोगाव जलसे करीत. या साऱ्या गोतावळ्याच्या व्यवस्थेचा भार ताराबाईंवर होता. मुलांच्या कानांवर दिवसभर जे पडे ते असे: एक स्वर, तो पुरा सच्चा लागेपर्यंत पुनःपुन्हा लावलेला. किराणा गायकीचे मर्मच तेथे आहे. लयीच्या चमत्कृतीपेक्षा स्वराच्या सत्यावर तिचा विश्वास, आणि रागाचा विस्तार एकेका स्वराला केंद्र करून सावकाश, पायरीपायरीने करण्याची तिची रीत. हे मर्म या मुलांना कोणी समजावून सांगितले नाही; ते त्यांच्या घरातील हवेत होते.

सरस्वतीबाई अजून बालवयात असतानाच ताराबाई आणि खाँसाहेब विभक्त झाले. त्याची कारणे शोधण्याचे आज आपल्याला प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते परिणामांशी. ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावे बदलली: अब्दुल रहमान सुरेश झाला, चंपाकली हिरा झाली, सकिना सरस्वती झाली. मुलांनी माने हे आईचे कुलनाम घेतले. मुली बडोदेकर म्हणवू लागल्या. गवयी घराण्यांची वहिवाट अशी की, बापाची विद्या थोरल्या मुलाकडे वतनासारखी चालत यावी, खासगी चिजा त्याला मिळाव्यात, आणि बापाच्या नावावर त्याची बिदागी ठरावी. या घरात तो सगळा क्रम मोडला. बाप हयात होता, कीर्तीच्या शिखराकडे चालला होता, दक्षिणेत म्हैसूरपर्यंत त्याचे नाव दुमदुमत होते. आणि त्याची मुले त्याच्या नावावाचून, त्याच्या आधारावाचून आपले गाणे सिद्ध करीत होती. १९३७ साली ऑक्टोबरच्या २७ तारखेस, मद्रासहून पाँडिचेरीस जात असता सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर खाँसाहेबांचे देहावसान झाले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या सान्निध्यात त्यांचे दफन झाले, त्या वेळी त्यांची तीन अपत्ये स्वतःच्या बळावर नावारूपाला आलेली होती.

आता थोरल्या भावाकडे वळतो, कारण या कुलाच्या चरित्राचा कणा तोच आहे आणि सर्वांत कमी बोलले जाते तेही त्याच्याविषयीच. सुरेशबाबूंचा जन्म १९०२ चा. वडिलांची तालीम मिळण्याइतके वय एकट्या त्यांचेच झालेले होते. त्यामुळे घर दुभंगले तेव्हा वडिलांच्या गायकीचा जो ठेवा आईबरोबर आला, तो मुख्यतः या मुलाच्या गळ्यात साठवून आला असे म्हटले पाहिजे. पुढे किराणा घराण्याचेच दुसरे महान गवई अब्दुल वहीदखाँ यांची तालीम त्यांना आणि हिराबाईंना लाभली. वहीदखाँ कानांनी अधू होते, परंतु रागाच्या विस्ताराविषयीची त्यांची दृष्टी अपूर्व होती. अतिविलंबित लयीत, एकेका स्वरसमूहाच्या सर्व शक्यता क्रमाने उलगडत, एकच राग ते तासन्‌तास मांडीत. अमीरखाँसारख्या श्रेष्ठ गायकाच्या विलंबित ख्यालावर त्यांचा ठसा उमटला, यावरून त्या पद्धतीचे सामर्थ्य ध्यानी यावे. अब्दुल करीमखाँकडून स्वराची आर्तता आणि वहीदखाँकडून विस्ताराची शिस्त, असे किराण्याचे दोन्ही प्रवाह या घरात एकत्र आले. आणि हा संगम ज्याच्या ठिकाणी प्रथम पचनी पडला तो सुरेशबाबू होता.

सुरेशबाबूंच्या अंगी विद्या होती, रूप होते, पेटीवर विलक्षण हात होता, ठुमरीतील नजाकत होती. प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन' या १९३४ च्या चित्रपटात त्यांनी कामही केले. परंतु मैफल जिंकून घेण्याची जी ईर्षा गवयाच्या कीर्तीला आवश्यक असते, ती त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांचे गाणे हळुवार होते, अंतर्मुख होते. श्रोत्याला ते आपल्याकडे ओढीत नसे, श्रोत्यानेच त्याच्याजवळ जावे लागे. म्हणून त्यांची खरी मैफल शिकवणीच्या खोलीत झाली. हिराबाई त्यांच्या शिष्या, सरस्वतीबाई त्यांच्या शिष्या. घराबाहेरचे म्हणाल तर लष्करी हिशेबखात्यातील नोकरी सांभाळून गाणे शिकणारे वसंतराव देशपांडे त्यांचे शिष्य. माणिक वर्मा त्यांच्या शिष्या. आणि प्रभा अत्रे त्यांच्या शिष्या. या तीन नावांकडे पाहा. वसंतरावांचे गाणे उसळते आणि आक्रमक, माणिकबाईंचे प्रासादिक आणि मधुर, प्रभाताईंचे चिंतनशील आणि घाटदार. एका गुरूपासून इतकी भिन्न गाणी निर्माण होतात, तेव्हा तो गुरु आपली नक्कल शिकवीत नव्हता, स्वराकडे पाहण्याची दृष्टी देत होता, असा निष्कर्ष काढावा लागतो. १९४९ मध्ये वहीदखाँ गेले, १९५२ च्या सप्टेंबरात अब्दुल करीमखाँचे शिष्य सवाई गंधर्व गेले, आणि १५ फेब्रुवारी १९५३ रोजी, पन्नाशी उलटते न उलटते तोच, सुरेशबाबूही गेले. चारपाच वर्षांच्या अवधीत किराण्याचे तीन आधारस्तंभ कोसळले. त्यांतल्या तिसऱ्याची हानी त्या वेळी समाजाला पुरती उमगली नाही, आणि अजूनही उमगलेली नाही असे माझे मत आहे.

हिराबाईंचा जन्म मिरजेस २९ मे १९०५ रोजी झाला. या मुलीने शिकून डॉक्टर व्हावे अशी ताराबाईंची इच्छा होती असे सांगतात, आणि ती स्वाभाविक होती. कारण गाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय येते हे त्या मातेइतके कोण जाणत होते? परंतु भावाची तालीम चालू असता जे कानी पडे ते या मुलीच्या गळ्यातून आपोआप उमटे, आणि अखेर आईला आपला आग्रह सोडावा लागला. १९२१ साली मुंबईत विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयात हिराबाईंचे पहिले जाहीर गायन झाले. ज्या महापुरुषाने गवयाला समाजात प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच व्यासपीठावरून स्त्रीगायिकेच्या प्रतिष्ठेचाही नवा अध्याय सुरू व्हावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

तत्कालीन परिस्थिती काय होती ते क्षणभर ध्यानात घेऊ. गाणारी स्त्री म्हटली म्हणजे ती कलावंतीण किंवा नायकीण, तिचे गाणे कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात, आणि तेथेही गाण्याबरोबर भाव दाखविण्याची अपेक्षा. त्या स्त्रियांच्या विद्येविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. आपल्या संगीताचा केवढा तरी ठेवा त्यांनी जपला, आणि त्यांना कमी लेखून हिराबाईंची थोरवी सांगण्याची मला मुळीच आवश्यकता वाटत नाही. प्रश्न व्यवस्थेचा होता. दिवाणखान्यातील बैठकीत यजमान हाच धनी असे. काय गावे, किती वेळ गावे, कोणी ऐकावे, हे तो ठरवी. हिराबाईंनी तिकीट लावून स्वतःचे जलसे केले, आणि असे करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्रीगायिका म्हणून ओळखल्या जातात. तिकिटाची ही गोष्ट आज क्षुल्लक भासेल. पण तिने संबंध पालटून टाकला. रुपया-आठ आणे देऊन आलेला कारकून आणि मोटारीतून उतरलेला शेठ हे दोघेही समान अधिकाराचे श्रोते झाले, आणि गायिका कोणाही एकाची आश्रित राहिली नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, तंबोऱ्यांच्या मध्ये ताठ आणि शांत बसून, हातवारे नाहीत, मुद्राभिनय नाही, केवळ स्वरावर भिस्त ठेवून ही तरुणी गाऊ लागली. आणि तिचे गाणे ऐकावयास मध्यम वर्गातील गृहिणी आपल्या मुलींना घेऊन येऊ लागल्या. पुढील पिढीत महाराष्ट्रातील घरोघरच्या मुली गाणे शिकू लागल्या, त्याच्या मुळाशी संगीत विद्यालयांचा प्रसार होता तसाच या एका दृश्याचाही प्रभाव होता.

या कुटुंबाचा दुसरा धाडसी उपक्रम नाटकाचा. ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय काढले आणि त्याच्या नाट्यशाखेमार्फत संगीत नाटके रंगभूमीवर आणली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी सारा महाराष्ट्र मोहून टाकलेला असताना, स्त्रियांची कामे स्त्रियांनीच, पुरुष नटांच्या जोडीने करावी, हा आग्रह धरणे सोपे नव्हते. हिराबाई नायिकेच्या भूमिका करीत, कमलाबाई आणि लहानगी सरस्वती त्यांच्याबरोबर रंगभूमीवर येत. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'एकच प्याला' यांसारखी नाटके सरस्वतीबाईंनी बालवयातच केली. गाण्याच्या दृष्टीने हा प्रयोग उंचीचा होता, व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तो तोट्यात गेला. १९३२ नंतर मराठी बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला आणि अनेक मोठ्या मंडळ्यांबरोबर ही मंडळीही मोडली. मागे राहिलेले कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. त्यांच्या गावोगावच्या अखंड प्रवासामागे कलेची ओढ होती, तशी ही जबाबदारीही होती. सावकाराचे देणे फेडण्यासाठी रात्रीमागून रात्र गावे लागूनही ज्यांच्या स्वरात कधी कडवटपणा उतरला नाही, त्यांच्या मनाची घडण किती निर्मळ असली पाहिजे!

हिराबाईंच्या गायकीचे वर्णन करताना 'गोड' हे विशेषण इतक्या वेळा वापरले गेले आहे की, त्याखाली तिचे खरे गुण झाकले जातात. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हणून गौरविले ते यथार्थच होते. परंतु कोकिळेचा कंठ निसर्गदत्त असतो, हिराबाईंचा स्वर साधनेने कमावलेला होता. विलंबित एकतालातील ख्यालाच्या आरंभी त्या षड्ज लावीत, तेव्हा तंबोरा आणि गळा यांतील सीमारेषा पुसली जाई. मग रागाचा एकेक स्वर त्या उंबरठ्यावर आलेल्या पाहुण्यासारखा आदराने आत घेत. पुढच्या स्वराची घाई नाही, मागच्या स्वराचा विसर नाही. तान आली तरी ती आकारात, स्वच्छ दाण्याची आणि आलापाची मर्यादा न ओलांडणारी. ख्यालानंतर ठुमरी, नाट्यपद, भजन, भावगीत असा क्रम त्या ठेवीत, आणि या प्रत्येक प्रकाराला त्याच्या योग्यतेचा मान देत. ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे त्यांची भजने आणि भावगीते ज्या घरांत शास्त्रीय संगीताचा गंधही नव्हता तेथवर गेली, आणि त्या वाटेने कित्येकांचे पाऊल ख्यालाकडे वळले.

त्यांच्यावर आक्षेपही घेतले गेले. लयकारीचा अभाव, बोलअंगाची उणीव, गाण्यात पुरेसा ताण आणि संघर्ष नाही, असे काही मर्मज्ञ म्हणत. या आक्षेपांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आग्र्याची झुंज किंवा जयपूरची गुंतागुंत शोधणाऱ्याने हिराबाईंकडे येऊ नये. परंतु कोणत्याही गायकीचे मोजमाप तिने स्वीकारलेल्या ध्येयाने व्हावयास हवे. स्वराची निर्दोषता आणि भावाची संयत अभिव्यक्ती हे ज्या गायकीचे ध्येय आहे, तिच्यात या दोन्ही गोष्टी आदिपासून अंतापर्यंत, वर्षानुवर्षे, प्रत्येक मैफलीत एकसारख्या साधणे ही गोष्ट अत्यंत दुर्घट आहे, आणि ती हिराबाईंनी साधली. संगीत नाटक अकादमीचा १९६५ चा सन्मान, १९७० चे पद्मभूषण हे गौरव त्यांना लाभले. परदेशी, चीनमध्ये आणि पूर्व आफ्रिकेत, त्यांचे गाणे झाले. तरीही 'हिराबाई आल्या म्हणजे मैफल पवित्र झाली' ही जी भावना सामान्य श्रोत्यांत होती, तिच्या पंक्तीला यांतील एकही मान बसत नाही.

धाकट्या सरस्वतीबाईंचा जन्म ४ ऑक्टोबर १९१३ चा. घरात सगळ्यांच्या त्या छोटूताई. वडिलांची तालीम त्यांच्या वाट्याला येण्याचा संभवच नव्हता. त्यांना जे मिळाले ते भावाकडून आणि थोरल्या बहिणीकडून. पण त्यांनी तेवढ्यावर न थांबता जयपूर घराण्याचे नत्थनखाँ, ग्वाल्हेर परंपरेतील प्रा. बी. आर. देवधर आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडूनही विद्या मिळविली. नव्या माध्यमांचा संकोच त्यांना कधी वाटला नाही. १९३३ पासून नभोवाणीवर त्यांचे गायन सुरू झाले ते अनेक दशके चालले. १९४१ च्या 'पायाची दासी' या चित्रपटासाठी त्यांनी पार्श्वगायन केले आणि मराठी चित्रपटातील पहिल्या पार्श्वगायिका होण्याचा मान त्यांच्याकडे जातो असे मानले जाते. १९४३ च्या 'रामराज्य' चित्रपटात शंकरराव व्यासांनी बांधलेले भीमपलासातील 'बीना मधुर मधुर कछु बोल' हे त्यांचे गीत हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत गेले. शास्त्रीय संगीताची शुद्धता न गमावता ते चित्रपटातून लाखोंपर्यंत पोचविता येते, याचा हा एक आरंभीचा आणि निर्विवाद पुरावा होय.

आणि आता मी त्या प्रकरणाकडे येतो, की ज्यासाठी मला ही तीन चरित्रे एकत्र सांगावीशी वाटली. १९६५ नंतर हिराबाई आणि सरस्वतीबाई या दोघी बहिणी जुगलबंदीने गाऊ लागल्या. दोन पुरुष गवयांनी, विशेषतः सख्ख्या भावांनी, एकत्र गाण्याची प्रथा उत्तरेत जुनी आहे. दोन स्त्रियांनी भर मैफलीत ख्यालाची जुगलबंदी करणे ही मात्र त्या वेळी नवी गोष्ट होती. जुगलबंदी या शब्दाने श्रोत्यांच्या मनात सामन्याचे चित्र उभे राहते: एकाने टाकलेला डाव दुसऱ्याने परतवावयाचा. या बहिणींच्या गाण्यात तसे काही नव्हते. थोरली मंद्रातून मध्य षड्जावर येऊन थांबे, धाकटी तो षड्ज हलकेच उचलून गांधाराकडे जाई; एकीचा श्वास संपतो तेथे दुसरीचा आलाप सुरू होई, पण सांधा दिसत नसे. एक विस्तार करीत असता दुसरी मागे आधारस्वर धरून बसे, आणि समेवर दोघी एकत्र येत. अशा गाण्यात पहिली अट अशी की, दोघींची रागाची कल्पना एक असली पाहिजे. दुसरी अशी की, सांगण्याजोगे मनात असूनही वेळेवर थांबता आले पाहिजे. पहिली अट तालमीने पुरी होते. दुसरी मात्र एकत्र वाढण्यानेच पुरी होऊ शकते. या दोघींना शिकविणारा समाईक गुरु होता आणि तो त्यांचा भाऊ होता. सुरेशबाबू जाऊन दहाबारा वर्षे झाली असता त्यांच्या दोन बहिणी शेजारी शेजारी बसून गात, तेव्हा त्या दोन आवाजांना जोडणारी जी अदृश्य शिस्त श्रोत्यांना जाणवे ती सुरेशबाबूंची होती.

यावरून मला जो सिद्धांत मांडावासा वाटतो तो असा. घराणे टिकते ते बापाच्या नावाने, हे अर्धसत्य आहे. किराण्याची एक थोर शाखा सवाई गंधर्वांच्या द्वारे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर यांच्यापर्यंत आली. ती गुरुशिष्य परंपरेची शाखा. दुसरी शाखा या घरातून आली, आणि ती चालविली एका आईने, एका भावाने आणि दोन बहिणींनी. आईने घर राखले आणि मुलांना स्वाभिमान दिला. भावाने विद्या राखली आणि ती हातचे काही न राखता वाटली. एका बहिणीने त्या विद्येला समाजात प्रतिष्ठेचे आसन मिळवून दिले. दुसरीने ती नव्या माध्यमांत नेली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत जपली. यांतील एकही दुवा निखळता तरी साखळी तुटली असती. हिराबाईंच्या कीर्तीपुढे सुरेशबाबूंची आठवण फिकी पडते हे खरे. परंतु हिराबाईंचे मोठेपण मान्य करणे म्हणजेच सुरेशबाबूंचे ऋण मान्य करणे होय. स्वतः हिराबाईंनी भावाच्या पश्चात त्याच्या शिष्यांना ज्या मायेने जवळ केले, प्रभा अत्र्यांसारख्या तरुण शिष्येची तालीम पुढे चालविली आणि तिला आपल्याबरोबर मैफलींना नेले, त्यावरून त्यांनाही हे ऋण किती तीव्रतेने जाणवत होते ते दिसते. त्या शिष्येनेही १९९२ पासून मुंबईत सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांच्या जोडनावाने संगीत समारोह सुरू करून गुरुऋणाची फेड केली.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात हिराबाईंचे निधन झाले. सरस्वतीबाईंनी १० ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या त्र्याण्णव्या वर्षाची परिपूर्ती करून, इहलोक सोडला. त्याआधीच 'भूमिका' या चित्रपटासाठी त्यांनी आपल्या नातीसह गायिले होते, म्हणजे मिरजेच्या त्या घरात सुरू झालेला स्वर पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरलेला त्यांनी स्वतः पाहिला.

श्रोतेहो, आपल्या हाती आता काय आहे? सुरेशबाबूंच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण फारच थोडे उपलब्ध आहे. हिराबाई-सरस्वतीबाईंच्या जुगलबंदीच्या अनेक मैफली त्या काळच्या हौशी रसिकांनी घरगुती यंत्रांवर टिपून ठेवल्या. त्या फिती माळ्यांवर आणि जुन्या पेट्यांत झिजत पडल्या असण्याचा फार संभव आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा फिती, पत्रे, जलशांच्या जाहिराती किंवा शिकवणीच्या वह्या असतील, त्यांनी त्या खासगी ठेव समजून बाळगू नयेत. एखाद्या जबाबदार संग्रहालयाच्या अथवा संगीत संस्थेच्या स्वाधीन कराव्यात आणि त्यांच्या प्रती अभ्यासकांना खुल्या कराव्यात. संगीत शिकविणाऱ्यांना माझी विनंती आहे की, किराणा घराण्याची वंशावळ फळ्यावर लिहिताना सुरेशबाबूंचे नाव त्यांच्या बहिणींच्या आधी लिहा, आणि त्या सर्वांच्या आधी ताराबाई माने हे नाव लिहावयास विसरू नका. या कुटुंबाने कोणापाशी काही मागितले नाही. परंतु ज्यांच्या स्वरांनी महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांचे कान घडविले, त्यांच्या विद्येचे दप्तर नीट लावून पुढील पिढीच्या हवाली करणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्याला विलंब करण्याइतका अवधी आता उरलेला नाही.